वडील उचलायचे हात

वडिलांना लकवा झाला तेव्हा मी काडीपैलवान होतो. निजामाच्या राज्यातली ती शेवटची वर्षं. आम्ही नांदेडात राहत होतो. वडिलांचा देह धिप्पाड. त्यांना खाटेवरून उचलून न्हाणीत न्यायला रोज शेजाऱ्याला हाक मारावी लागे, आणि तो आला की वडील डोळे मिटून घेत. ते मला बघवेना. मी नदीकाठच्या तालमीत जाऊन जोर मारायला लागलो.

तालमीचे उस्ताद म्हणाले, "बाप उचलायचाय ना? नुसत्या जोरानं दंड भरतील, पकड येणार न्हाई. मुदगल फिरव. विहिरीचं पाणी शेंद."

मी पिसाटासारखा तेच करत सुटलो. दोरानं तळहात सोलवटले. मनगटं भरायला इतका वेळ का लागतो, म्हणून स्वतःच्याच हातांवर चिडायचो, ते भिंतीवर आपटायचो.

एका सकाळी शेजाऱ्याला न बोलावता मी वडिलांच्या अंगाखाली हात घातले, दातओठ खाऊन ताकद लावली आणि मागे कोलमडता कोलमडता वाचलो. त्यांच्यात वजनच उरलं नव्हतं. माझ्या आधीच्या काडीसारख्या हातांनीही ते सहज उचलले गेले असते.