सासरेबुवांनी कॉम्प्युटरमध्ये हात घातला तेव्हा

हसणार असाल तर आधी हातातला चहा खाली ठेवा. मागे एकाला ठसका लागला होता, आणि त्याचं खापरही माझ्यावरच फुटलं.

तर, तेव्हा माझा सातपूरला कॉम्प्युटर क्लास होता. खाली वेल्डिंगचं दुकान, वर मी. अंगात उत्साह भरपूर, खिशात काही नाही. तेवढ्यात कळलं की एक कारखाना आपले जुने कॉम्प्युटर भंगारात काढतोय. चालू करा आणि खाली जाऊन वडापाव खाऊन या, तेव्हा कुठे पडदा उजळणार, अशी ती मशिनं! मी दहाच्या दहा टेम्पोत घालून आणली.

आई म्हणाली, भंगार लोक विकतात रे, तू विकत कसलं घेतोस? पण माझ्या डोक्यात आयडिया होती. एकच दणकट नवा कॉम्प्युटर घ्यायचा, तो आतल्या खोलीत ठेवायचा आणि ही दहा म्हातारी मशिनं वायरनं त्याला जोडायची. सगळं काम आतला गडी करणार, ह्यांनी फक्त पडद्यावर दाखवायचं. याला थिन क्लायंट म्हणतात. म्हाताऱ्यांच्या हार्ड डिस्क मी काढूनच टाकल्या. हव्यात कशाला? आणि काय सांगू, क्लास असा सुसाट चालायला लागला की मी स्वतःलाच शास्त्रज्ञ समजायला लागलो.

त्याच सुमारास माझ्या लग्नाचं घाटत होतं. मुलगी देवळ्याची, सुनीता. कांदेपोह्यांच्या वेळी बाकीच्या मुली मान खाली घालून बसायच्या. हिनं सरळ विचारलं, "तुमचा कॉम्प्युटर बंद पडला की तुम्ही काय करता?" मी म्हटलं, बंद करून परत चालू करतो. ती हसली. संपलो ना मी तिथेच! करीन तर हिच्याशीच, असं घरी येऊन जाहीर केलं.

आता फक्त तिच्या वडिलांनी येऊन माझं कामधाम बघायचं राहिलं होतं. हे आप्पा म्हणजे कांद्याचे व्यापारी. मध्यस्थ होते आमचे शांतारामकाका, त्यांनी मला आधीच सावध केलं होतं. हा माणूस ट्रॉलीतला वरचा कांदा बघतच नाही म्हणे. कोपरापर्यंत हात घालतो आणि खालचा कांदा बाहेर काढतो. काका म्हणाले, "तू फक्त चहा पाज. जास्त बोलू नकोस." मी मान डोलावली. मान डोलवायला काय जातंय?

आप्पा आले. पांढरी टोपी, पांढरं धोतर. दहा विद्यार्थी खाली मान घालून टायपिंग करतायत, दहा पडदे झगमगतायत. मी आदल्या दिवशी सगळे मॉनिटर शाम्पूनं धुऊन काढले होते, हो! आप्पांनी एक चक्कर मारली, समाधानानं मान हलवली आणि म्हणाले, "समदा माल नवाकोरा दिसतो."

बघा, इथे नुसतं "हो" म्हणायचं होतं. एक अक्षर! काका डोळ्यांनी तेच सांगत होते. पण माझ्यातला शास्त्रज्ञ गप्प बसतोय का?

मी म्हटलं, "छे हो आप्पा, नवा कुठला? भंगार आहे सगळं!"

मला वाटलं, आता विचारतील की भंगारातून एवढं कसं उभं केलंत. त्यांनी विचारलं नाही. ते जवळच्या मशिनकडे बारीक डोळ्यांनी बघायला लागले. काकांनी माझ्या बरगडीत कोपर मारलं. मी ती शाबासकी समजलो, स्क्रू ड्रायव्हर काढला आणि त्या मशिनचं झाकण स्वतःच्या हातानं उघडून आप्पांपुढे धरलं.

आत काय? एक हिरवी पट्टी, दोन वायरी आणि पोतंभर धूळ. बाकी सगळी मोकळी जागा. आप्पांनी बाही वर केली आणि कोपरापर्यंत हात आत घातला. इकडे चाचपलं, तिकडे चाचपलं. मग हात बाहेर काढून काकांकडे वळले आणि त्यांच्या अहिराणीत हळूच म्हणाले, "मझार काहीच नही शे."

"नाहीच!" मी आनंदानं ओरडलो. "तीच तर गंमत आहे आप्पा. दहाही मशिनं रिकामी आहेत!"

काका मटकन स्टुलावर बसले. मी म्हटलं, थांबा, तुम्हाला प्रत्यक्ष दाखवतो. शेजारच्या मशिनवर आमचे मोरेकाका होते. कारखान्यातली शिफ्ट संपवून, बढती मिळावी म्हणून या वयात शिकायला यायचे. बिचारे एकेक बटण शोधून साहेबांना पत्र लिहीत होते. मी काही न सांगता त्यांच्या मशिनची वायर खेचली. पडदा काळा! मोरेकाकांच्या तोंडून "अरे देवा" एवढंच बाहेर पडलं. मग मी कोपऱ्यातल्या पोराला उठवलं, मोरेकाकांना हाताला धरून त्याच्या मशिनवर नेलं, त्यांचं नाव टाकलं, आणि पत्र जिथं तुटलं होतं तिथपर्यंत जसंच्या तसं हजर. मी टाळ्यांसाठी थांबलो.

आप्पांनी शांतपणे विचारलं, "म्हंजे ह्यांचं त्या पेटीत काय बी नव्हतं?"

"काय बी नव्हतं!" मी छाती फुगवून म्हणालो.

मोरेकाकांचा चेहरा उतरला. "सर, मग इतके महिने मी शिकतोय कशावर?"

आता मला सांगा, मी खोटं काय बोलत होतो? एकेक शब्द खरा होता. पण मी जितकं खरं सांगत होतो तितका जास्त लबाड दिसत होतो. मी म्हटलं, काका, तुम्ही आतल्या खोलीतल्या मशिनवर शिकताय. झालं! अख्खा क्लास उठून आतल्या खोलीच्या दारात. आत माझा दणकट गडी, तोही झाकण काढून उघडा बसलेला, कारण तापायचा फार. समोर घरचा टेबलफॅन, वर वाळत घातलेला माझा बनियन. त्याला मॉनिटरसुद्धा नव्हता.

"एकच?" आप्पा म्हणाले. "दहा मान्सांत एक?"

मागून खरखर ऐकू आली. पोरांनी माझाच स्क्रू ड्रायव्हर घेऊन एकेका मशिनचं झाकण काढायला सुरुवात केली होती. "माझ्यात पण काही नाही रे!" "माझ्यात नुसती पाल आहे!" आप्पा हे सगळं ऐकत उभे होते. त्यांनी चहा अर्धाच प्यायला, मला नमस्कार केला आणि जिना उतरले. शांतारामकाकांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

क्लास कसाबसा वाचला. मोरेकाकांनी मात्र अट घातली, शिकेन तर आतल्या खऱ्या मशिनजवळ बसूनच. शेवटपर्यंत ते आपलं रिकामं मशिन घेऊन त्या बनियनखाली बसले. पण माझं लक्ष कुठे होतं? सुनीता गेली, हेच डोक्यात. जेवण जाईना. स्वतःच्या तोंडाला कुलूप लावून किल्ली गोदावरीत फेकावी असं वाटायचं.

दोन-तीन दिवसांनी शांतारामकाका घरी आले. आई स्वयंपाकघरात होती. मी हळूच विचारलं, "नकार ना?"

"होकार," काका म्हणाले.

मला खरंच वाटेना. मी विचारलं, मग आप्पा म्हणाले तरी काय?

काकांनी घसा साफ केला. "आप्पा म्हणाले, धंद्यात लबाड लय पाह्यले. पण स्वताच्या हातानं झाकण उघडून, बघा, आत काय बी नाय, असं दाखवनारा ह्यो पहिलाच. याला कोनाला फसवायची अक्कलच नाय. पोरगी सुखात राहील."

आतून आईला फक्त होकार ऐकू आला होता. ती साखर घेऊन धावत आली, माझ्या तोंडात चिमूट कोंबली आणि डोळे पुसत म्हणाली, "बघ, त्यांनी तुझी हुशारी बरोब्बर ओळखली."

काका माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, हो आई, बरोब्बर ओळखली.