सदाच्या उंचीची मेणबत्ती

सदाच्या मानेतल्या गाठीचा रिपोर्ट सोमवारी मिळणार, आणि शुक्रवारी सकाळपर्यंत मी डिचोलीच्या घरात इतक्या येरझारा घातल्या की माझा नवरा सदा स्वतःच वैतागला. "लादी झिजतली गो! फिलूकडे तरी जाऊन ये."

फिलू म्हणजे फिलोमेना, माझ्याच शाळेतली शिक्षिका. कोरगावला तिच्या घरासमोरच्या खुरसाकडे, म्हणजे क्रुसाकडे, संध्याकाळी लदीन होतं. सगळा वाडा जमून प्रार्थना गातो. आम्हा हिंदूंनाही बोलावणं असतं.

डिचोलीहून म्हापशाला बसगाड्या भरपूर, पण शुक्रवारच्या बाजारामुळे बसायची जागा विसरा. स्टँडजवळ पातळ भाजी-पाव झकास मिळतो. मी अर्धाच टाकून उठले. बाजारात माणसाच्या उंचीच्या नवसाच्या मेणबत्त्या दिसल्या आणि डोक्यात आलं, करूनच टाकू. सदाची उंची सांगून एक घेतली.

पेडण्याकडच्या बसमध्ये ती ना उभी राहीना, ना आडवी मावेना. कंडक्टर म्हणाला, "बाये, हिचें तिकीट कोण काडटलो?" सगळी बस हसली. मीही हसले, आणि धारगळ येईपर्यंत फोन बघत राहिले.

फिलूची आई, आंतोनेत माय, लदीननंतर वाटायच्या चण्यांवर खोबरं घालत होती. मी म्हटलं, "माय, ही तुमच्याकडे ठेवा. रिपोर्ट चांगला आला की खुरसाकडे लावा."

"आनी बरो आयलो ना तर?"

मला रागच आला. असं कुणी विचारतं का?

"म्हज्या पेद्रूखातीर हांवेंय अशीच मेणबत्ती हाडल्ली," ती म्हणाली. पेद्रू तिचा थोरला, तापाने गेलेला. "तो गेलो. माती दिली त्या दिसा पेटयली."

"देवाने ऐकलं नाही, तरी?"

"रडलें. भांडलेंय ताच्याकडेन. पूण जेजू मरणांतल्यान उठलो, तो म्हज्या पेद्रूकय उठयतलो. मरणाकडेन सगळें सोंपना, बाय."

तिने चण्यांत पुन्हा हात घातला. येशू उठला तसा पेद्रूही उठेल, हे ती खोबरं कालवताना सांगत होती. माझी आशा सोमवारपर्यंतची होती; हिची मुलाला पुरल्यावरही शाबूत होती.

लदीन सुरू झालं तेव्हा मी उठून माझ्या मेणबत्तीपाशी काडी ओढली. वाऱ्याने दोनदा विझली. मग मायने पदराचा आडोसा धरला.

परतीची शेवटची बस लवकर सुटते, तेव्हा मुक्कामाच्या तयारीनेच जा. मी शनिवारी घरी आले. आज रविवार. येरझारा थांबलेल्या नाहीत, खोटं कशाला सांगू? तिच्याएवढा विश्वास माझ्यात नाही. पण तिचं बोलणं पाठ सोडत नाही.

सदाला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "रिपोर्ट येवच्या आदीच पेटयलीस? आनी वायट आयलो तर?"

"म्हणूनच आधी पेटवली," मी म्हटलं. "मायची आशा मरणाकडेही थांबली नाही; माझी रिपोर्टाकडे थांबायला नको."