लावणी नव्हे, आवण

ये गं बाय, जवळ सरक. लिहितेय खरी, पण तू समोर बसलीस असंच धरून बोलतेय. उल्हासनगरहून बदलापूर काय परदेशात आहे? महिला दिन होऊन उन्हाळा सरत आला, लेकीचा पाय काही घराला लागला नाही. फोन केला की दुकानात गिऱ्हाईक आहे म्हणतेस. कळतं मला सगळं. मोठ्या आईसमोर यायची लाज वाटते तुला. वाटू दे थोडी. महिला दिनाच्या सत्कारासाठी तिची माहिती तू मायेनंच लिहून दिलीस, पण एक शब्द तेवढा पुस्तकातला घातलास.

राब भाजून त्यात वाढवलेली भाताची रोपं उपटून चिखलात लावायची, त्याला आपण आवण म्हणतो. लहानपणापासून ऐकलंस तू ते. मग लिहिताना 'लावणी' कशाला सुचावं?

मी लग्न होऊन इथं खरवईत आले तेव्हा मला चिखल ठाऊक नव्हता. माहेर अंबरनाथच्या चाळीतलं, वडील कारखान्यात. पहिल्या आवणाला थोरल्या जावेनं, तुझ्या मोठ्या आईनं, माझ्या हातात रोपाची मूठ दिली आणि स्वतः शेजारची ओळ धरली. सासूबाईंची पाठ फिरली की माझी अर्धी ओळ तीच लावून टाकायची. संध्याकाळी पायांच्या बोटांत चिखल्या होऊन आग आग व्हायची. ती आधी माझ्या बोटांना तेल लावायची, मग स्वतःच्या. घरातला भात वाढणारी बाईही तीच आणि शेतातला वाढवणारीही तीच. पण कोणी विचारलं शेती कोण करतं, की तिच्या नवऱ्याचं, भाऊजींचं नाव. नांगर धरला तो शेतकरी. आम्ही कोण? तर मदतीला.

भाऊजी गेल्यावर तिनं ट्रॅक्टर लावला, मजूर आणले, पीक घेतलं. तेव्हा लोक म्हणायला लागले, पोराची शेती. पोरगा, म्हणजे तुझा दादा, अंबरनाथला कंपनीत, बांधावर कधी उभा राहिला नाही. म्हणून तू सत्काराचं सांगितलंस तेव्हा तिनं पेटीतलं हिरवं लुगडं काढून उन्हात टाकलं. मी तेवढ्यावरून ओळखलं.

हॉलमध्ये गर्दी चांगली होती. नर्सबाई झाल्या, रिक्षा चालवणारी झाली, मग हिची पाळी. माइकवरच्या पोरीनं सुरात वाचलं, "यांनी आयुष्यभर लावणी केली." मागून शिट्टी आली. गाण्याच्या मशीनवाल्याला वाटलं आपल्यालाच इशारा आहे, त्यानं ढोलकी वाजवली. सगळा हॉल हसला. त्या पोरीला काय झालं ते कळेना, तीही हसली.

तुझी मोठी आई मधोमध उभी. खांद्यावर शाल, हातात नारळ. ढोलकी थांबेपर्यंत थांबली, मग माइकजवळ गेली.

"मी नाचली नाय, पोरांनो. चिखलात वाकली व्हती."

एवढंच. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. शिट्टी मी विसरेन गं, त्या टाळ्या नाही विसरत. बाईनं काय सुंदर डायलॉग मारला, अशा टाळ्या होत्या त्या. लगेच पुढचं नाव पुकारलं.

पण खरा घाव पुढे आहे, आणि तो तुला कोणी सांगितलेला नाही. दादा तुझा तिथं मित्रांना घेऊन आला होता. बाहेर चहा पिताना त्यातला एक म्हणाला, "क्या भाई, मम्मी लावणी करती है?" दादा त्यांच्याबरोबर हसला. घरी येऊन मात्र आईवर उखडला. एवढी वर्षं सांगतोय बस कर, आता चार माणसांत हसं झालं, म्हणाला. यंदा शेत करायचं नाही. शेजारच्या टॉवरवाल्याचे डंपर येतात, त्यांना भराव टाकायला सांगतो. जमीन त्याच्या नावावर, मग विचारायचं कोणाला?

मी भांडले. म्हणाले, तुझ्या शाळेचा गणवेश याच शेतातून आला रे. तर म्हणतो, "काकी, तू मध्ये नको पडू."

जावेनं यंदा राब भाजला नाही. शेण, पालापाचोळा तसाच ढिगानं पडलाय. सकाळी उठून ओट्यावर बसते आणि हात मांडीवर ठेवते. हे हात असे रिकामे मी कधी पाहिले नव्हते. बाईचा मान करायला बोलावलं आणि तिची शेतीच काढून घेतली, असा हा मान.

तुझ्यावर रागावलीय का विचारशील. नाही. परवा मला म्हणाली, पोरगी येत का नाही, तिला सांग तिनं चांगलंच लिहिलं व्हतं. मला तिथंच रडू आलं.

आता ऐक. दादा माझं ऐकत नाही, आईचं तर नाहीच. पण तू राखी बांधतेस, तुझ्यापुढे त्याची जीभ चालत नाही. तुझी चूक सांग, त्याचीही त्याला सांग, दोन्ही एका दमात सांग. भराव पडला की त्या मातीत परत कोणाला रोप लावता येणार नाही. मिरग तोंडावर आलाय, राब अजूनही भाजता येईल. या रविवारी तो घरी असतो. दुकान एक दिवस बंद राहिलं तर काही होत नाही. सकाळच्याच गाडीनं निघ आणि ये.