धुळ्याहून आलेलं पाणी

जळगावात घरात समुद्र पाळणारा माणूस त्या काळी बहुधा मी एकटाच असेन. नव्वदच्या दशकाची सुरुवात, नवीन लग्न, भाड्याच्या दोन खोल्या, आणि बाहेरच्या खोलीत तीन फुटी काचेची टाकी. समुद्राच्या पाण्याचं मीठ मुंबईहून आणलं होतं. दोन मासे फुगलेल्या पिशवीत, मांडीवर धरून आणले. नारिंगी अंग, त्यावर पांढरे पट्टे. गल्लीतले लोक चपला काढून बघायला येत. मी मुळात कमी बोलणारा, पण टाकीपुढे उभा राहिलो की थांबायचो नाही.

माशांना खाऊ घालायचं काम बायकोचं. तिनं बोटं पाण्यात बुडवली की दोघे वर येऊन बोटांना तोंड लावायचे.

नळाला दिवसाआड पाणी यायचं. पाणी आलं की उरलेलं शिळं ओतून द्यायचं आणि सगळं ताज्यानं भरायचं, ही आमच्याकडची घरोघरची रीत. टाकीतलं पाणी बदलण्यासाठी मात्र मी एक बादली दोन दिवस उघडी ठेवायचो. नळाच्या पाण्यातल्या, माशांना मारक अशा ब्लीचिंग पावडरचा वास उडाला की मगच तिच्यात मीठ कालवायचं. एका सकाळी नळ आला आणि पिंप, हंडे रिकामे करण्याच्या धांदलीत मी ती बादलीही मोरीत ओतली, वर पुन्हा काठोकाठ भरली. लक्षात आलं तेव्हा ऑफिसची वेळ झाली होती. वास येत होता. एवढ्यानं काय होतंय, असं म्हणून मी मीठ कालवलं आणि बादली टाकीत रिकामी केली.

संध्याकाळी आलो तर एक मासा आडवा तरंगत होता, दुसरा तळाशी धापा टाकत होता. बायको रडवेली होऊन उभी. मी तिच्या हातांकडे बघितलं आणि म्हणालो, “कपडे धुऊन तसाच हात घातलास ना पाण्यात? साबणाचा.”

“धुतले होते हो मी हात.”

“नीट नसतील धुतले.”

त्या दिवसापासून तिनं टाकीत बोट घातलं नाही.

उरलेला मासा वाचवायचा तर नळाचं पाणी बंद करायला हवं, हे मला कळत होतं. तिला मी एवढंच म्हणालो की साबण काढायला निव्वळ शुद्ध पाणी लागेल. उपाय मात्र तिनं काढला. तिच्या भावाचं धुळ्यात बॅटरीचं दुकान. तिथे बॅटरीत घालायच्या पाण्यासाठी दोन उंच नळकांड्यांतून नळाचं पाणी सोडत, क्षार आत अडकत आणि खाली निव्वळ पाणी ठिबकायचं. तिनं स्वतःच भावाला निरोप पाठवला.

मी रविवारी गेलो. सगळं गाव बॅटरीत घालतं ते पाणी मी माशाला देणार, हे ऐकून मेहुणा खो खो हसला. “दाजी, बठ्ठा गाव हाई पानी बॅटरीमा टाकस. तुम्ही मासाले पाजतस?” पण तेजाबाच्या, म्हणजे बॅटरीतल्या ॲसिडच्या कॅनला त्यानं मला हात लावू दिला नाही. कोरे कॅन आणले, तीनदा विसळले, आणि भरून स्टँडपर्यंत स्वतः उचलले. कंडक्टरला वाटलं, तेजाबच आहे. तो मला उतरवायला निघाला, तेव्हा मी बूच काढून घोटभर पिऊन दाखवलं. सगळी एसटी हसली. पारोळा, एरंडोल जाईपर्यंत मी कॅनवर हात ठेवून बसलो होतो आणि शाळेच्या सहलीला निघाल्यासारखी छाती धडधडत होती.

घरी नव्या पिंपात मीठ कालवून दिवसभर हवेचे बुडबुडे सोडले. खारटपणा मोजायची काचेची नळी खुणेवर तरंगली तशी बायको ओरडलीच, “बसली, बसली!” एकदम सगळं बदललं तर मासा दगावेल, म्हणून दर तिसऱ्या दिवशी पाव टाकी पाणी बदलायचं ठरवलं. पहिल्यांदा बदललं आणि काही झालं नाही. दुसऱ्यांदा मासा तळ सोडून वर आला. तिसऱ्यांदा त्यानं खाल्लं! काचेवर नेहमी धरणारा तपकिरी थरही पुसल्यावर परत येईना. मेहुण्याकडून दर आठवड्याला एसटीनं कॅन यायचे आणि मी स्टँडवर अर्धा तास आधीच जाऊन उभा राहायचो. इतका आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता.

त्या दिवसांत एकदा आम्ही दोघं टाकीपुढे उकिडवे बसलो होतो. ती हळूच म्हणाली, “एक माझ्या हातून गेला. हा तरी वाचला.”

मी मान डोलावली. नुसती मान. तिला दोष दिला तो घाबरून, पण ही मान मी आनंदात असताना, शुद्धीत डोलावली.

तो मासा पुढे सात वर्षं जगला. मी गप्प राहिलो, कारण दरवर्षी सांगणं आणखी अवघड होत गेलं. गेल्या महिन्यात, तीसेक वर्षांनी, ती स्वयंपाक करत असताना मी दारात उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. शिळं पाणी, ताजी बादली, वास.

तिनं हातातला झारा कढईच्या कडेला ठेवला.

“म्हणजे सात वर्षं मी त्याला बोट लावलं नाही, ते उगाच?”

“उगाच,” मी म्हणालो.

तिनं गॅस बंद केला, खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. “परत सांगा. पहिल्यापासून. आणि माझ्या हातांचं मी काय म्हटलं होतं, तेही सांगा.”