वॉर्मअप

मुलींच्या संघासोबत एक बाई लागतेच, म्हणून पाचोऱ्याहून शाळेच्या प्रत्येक मॅचला मी जाते. फुटबॉल मला कळत नाही. त्यामुळे मैदानापेक्षा माझं लक्ष राखीव मुलींकडेच असतं.

त्यात ही एक दहावीतली. सरावात सगळ्यांत जास्त गोल हिचे. पण जर्सी संस्थेच्या अध्यक्षांनी, आबांनी, दिल्या आहेत, त्यामुळे मॅचमध्ये हिच्या जागी आबांची नात खेळते. खेळाचे सर हिला एवढंच म्हणतात, "वॉर्मअप कर." ही मॅच संपेपर्यंत रेषेबाहेर पळत राहते. मी विचारलं की म्हणते, "बठ्ठं ठीक शे, बाई."

धुळ्याला आम्ही एका गोलनं मागे होतो. आबांची नात कमरेवर हात ठेवून धापा टाकत होती. मॅच संपत आली तेव्हा सरांना ही आठवली.

"चल, जा आत!"

ती पळायची थांबली नाही. "सर, आंग अजून गरम व्हयनं नही."

आम्ही हरलो. परतीच्या बसमध्ये सर माझ्या शेजारी येऊन बसले.

"मुद्दाम केलं तिनं. हेडसरांना सांगून संघातून नावच काढतो. बाई, तुम्ही पाहिलंत ना?"

पुढच्या सीटवर ती केळं सोलत होती. सोलता सोलता थांबली.

"सर," मी म्हटलं, "मला फुटबॉल कळत नाही."