हिरवं पातळ आणि धुळ्याची गाडी

उन्हात उभ्या असलेल्या एसटीत पाऊल टाकलं की तापलेल्या रेक्झिनचा, डिझेलचा आणि कुणाच्या तरी पाटीतल्या पिकल्या केळ्यांचा मिळून एक वास अंगावर येतो. मला तो नकोसा कधी वाटला नाही. उभ्या जन्मात मी प्रवास केला तो सावदा ते जळगाव आणि जळगाव ते धुळे एवढाच, आणि तो सगळा याच वासात. देवळातला धूप जळला की आपसूक हात जोडले जातात ना, तसं या वासाने मला बहिणीच्या घरी निघाल्यासारखं वाटतं. शाळा मी चौथीत सोडली. गाडीवरची पाटी अजून अक्षराला अक्षर लावून वाचतो. पण धुळ्याची गाडी मला पाटीवाचून कळते. आपलं माणूस दुरून नुसत्या चालीवरून ओळखू येतं, त्याला कुठे वाचावं लागतं?

इंदू माझी धाकटी बहीण. आमचं सावद्याकडचं बोलणं वेगळं, धुळ्याकडची अहिराणी वेगळी. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आली ती तोंडात 'आहे'चं 'शे' आणि 'सगळं'चं 'बठ्ठं' घेऊनच. आम्ही सगळे हसलो. तेव्हा म्हणाली, "भाऊ, तुम्ही मला तिकडे धाडलं, मग माझी जीभ इकडे कशाला ठेवू?" पुढे कधी ती आमच्यासारखं बोलली नाही. मी भाऊबीजेला गेलो की धुळ्याच्या स्टँडावर स्वतः यायची, पोराला पाठवायची नाही. गाडी लागायच्या आधीच खिडक्या बघत चालू लागायची. किती वेळा रागावलो असेन तिला, चाकाखाली येशील म्हणून!

या चैत्रात सकाळी भाच्याचा फोन आला. "मामा, आई गेली. तुम्ही येईपर्यंत थांबतो." थांबणं भागच होतं. सवाष्ण बाई जाते तेव्हा तिच्या अंगावर शेवटचं वस्त्र भावाच्या घरचं पडतं, आणि ते आल्याशिवाय तिला उंबऱ्याबाहेर काढत नाहीत. शेजारी मोटार काढायला तयार होता. मी नको म्हटलं. हट्टी म्हणा. बहिणीकडे एसटीने जात आलो, तर शेवटच्याच वेळी दुसऱ्याच्या गाडीतून उतरू? जळगावला उतरून एक हिरवं पातळ घेतलं, जरीकाठाचं, आणि धुळ्याच्या गाडीत चढलो.

कंडक्टर म्हणाला, "आबा, आधार कार्ड दाखवा, तुमचं तिकीट फुकट आहे."

"पूर्ण फाड," मी म्हटलं. बहिणीकडे मी फुकट जात नसतो.

शेजारी एक बाई येऊन बसली, पन्नाशीची, अंगाने भरलेली, साक्रीकडे निघालेली. हसून म्हणाली, "मनं अर्धं तिकीट, आबानं पुरं. पन जागा मीच जास्ती लेसु." आणि खरंच घेतली. मग मांडीवरच्या माझ्या पिशवीकडे बघत, "पातळ शे का? कोन्हासाठे?"

"बहिणीसाठी," मी म्हटलं.

खोटं नव्हतं ते. पण पुढचं मी बोललो नाही. तिने पातळाची घडी उलगडली, काठावरून बोट फिरवलं, मागच्या बाईला दाखवलं. "आजकालना भाऊ मोबाईलवर पैसा धाडी देतस. तुम्हनी बहीण नशीबनी शे, आबा." त्या 'शे'ने माझ्या काळजात काय केलं, ते कसं सांगू तुम्हाला? डोळे मिटले असते तर शेजारी इंदूच होती. सकाळपासून ती गेली, ती गेली, एवढंच ऐकत होतो. या एका बाकावर मात्र ती अजून होती, आणि तिला नवं पातळ येत होतं. तोंड उघडून तिला इथेही मारायचं?

बाईने घडी पहिल्यासारखी घातली आणि पिशवीत हात घालून चाचपलं. "खण-नारय नही लिन्हा का, आबा?"

खण-नारळ मी घेतला नव्हता. तो ओटीचा मान, जित्या बहिणीला नेतात. ती माझ्याकडे बघत राहिली. मी खिडकीबाहेर बघितलं. गाडी एरंडोलच्या पुढे होती, शेतं सगळी मोकळी पडलेली. तिचा हात तेवढा पिशवीतून हळूच बाहेर आला, आणि पातळावर आलेली पिशवीची कड तिने नीट सारखी केली.

मला वाटलं, आता ही गप्प बसेल. पण थोड्या वेळाने म्हणाली, "कशी शे बहीण सभावले? भांडस का?"

'होती' म्हणाली नाही ती. 'शे' म्हणाली.

मग मीही सांगत सुटलो. भांडते तर काय! मला जेवायला वाढून समोर बसते आणि भाकरी मोजू देत नाही. नवऱ्याला दरडावते आणि मागून त्याच्याच आवडीचं भरीत करते. पारोळा कधी गेलं कळलं नाही. मागची बाईसुद्धा पुढे झुकून ऐकत होती, हसत होती. इतकं बोललेलं मला आठवत नाही. माणूस गेल्यावर त्याच्याविषयी सगळेच हळू आवाजात बोलतात. भरल्या गाडीत, खडखडाटावरून ओरडून, कुणाला बोलायला मिळतं?

धुळ्याला उतरलो आणि फलाटाच्या बाकावर बसलो. भाच्याचा फोन वाजत राहिला. घरी सगळे खोळंबले आहेत, हे मला कळत होतं. पण या फाटकाबाहेर पाय टाकला की ती मेलेली असणार होती, आणि इथे गाड्या लागत होत्या, सुटत होत्या, पोरं पाण्याच्या बाटल्या विकत होती, कुणाला काही माहीत नव्हतं. बसलो. ऊन पायावर आलं तरी बसलो.

साक्रीची गाडी लागली होती. ती बाई तिकडे न जाता माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"ऊठा आबा," ती म्हणाली. आता हसत नव्हती. "बहीण वाट देखी ऱ्हायनी. तुम्हना हातनं नेसाडाशिवाय ती कशी जाई?"

बापाचं ऐकलं नाही, पोरांचं ऐकलं नाही. तिचं ऐकलं. उठलो.

फाटकाशी भाचा स्कूटर घेऊन उभा होता. पिशवी घ्यायला त्याने हात पुढे केला, मी दिली नाही. मागे बसलो, आणि दोन वळणं होतात न होतात तोच घर आलं. इतकं जवळ? मी त्याला विचारलंसुद्धा, आडवाटेने आणलंस का? तो म्हणाला, नाही मामा, रस्ता तोच आहे. इंदू मला चालत आणायची, दर दोन घरांना थांबून, हा मना भाऊ शे म्हणून सांगत. तो सगळा वेळ रस्त्याचा नव्हताच.