शिफारशीचा रकाना

"आबा, काय पाहिलंत ते सांगा. तुम्ही सांगाल तसंच मी लिहिणार."

मी तिसऱ्यांदा विचारत होतो. शाळेच्या एकुलत्या एक खोलीत आम्ही बसलो होतो. समोर आबा आणि त्यांच्यामागे भिंतीला टेकून सप्ताह कमिटीचे दहा-बारा लोक. मुलं एकही नव्हती, कारण पाच दिवसांपासून गावाने मुलं शाळेत पाठवणं बंद केलं होतं. आबा काही तोंड उघडेनात.

बहात्तर सालचा दुष्काळ चालू होता. मी पाथर्डीला पंचायत समितीत शिक्षण विस्तार अधिकारी होतो. नाव मोठं असलं तरी काम एवढंच, की तालुक्यातल्या शाळा तपासायच्या आणि मास्तरांविरुद्ध तक्रार आली की चौकशी करायची. ही तक्रार दिगंबर गुरुजींविरुद्ध होती. गुरुजी पस्तिशीचे, बिनलग्नाचे. गावातल्या सोपान शिंप्याच्या घरी चार वर्षांपासून राहत होते. सोपानही बिनलग्नाचा. घरात त्याची अंथरुणाला खिळलेली आई आणि हे दोघं. अर्जात लिहिलं होतं, "सदर शिक्षक व शिंपी यांचे वर्तन धर्मास सोडून आहे. या पापामुळे गावावर पाऊस रुसला आहे. शिक्षकास बडतर्फ करावे."

त्या काळी या गोष्टीला आमच्याकडे धड नाव नव्हतं. होतं ते शिवीत होतं, नाहीतर कायद्याच्या पुस्तकातल्या एका कलमात. मला अर्ज वाचल्याबरोबर अर्थ कळला होता. बीडीओ साहेबांनाही कळला होता. तो उच्चारला मात्र आम्ही दोघांनीही नाही. ते म्हणाले, "आबांचं प्रकरण आहे, नीट करा."

नीट करा म्हणजे काय, तेही मला कळलं. आबा पंचायत समितीचे सदस्य. गळ्यात माळ, दर वर्षी सप्ताह त्यांच्याच खर्चाने, आणि सभापतीच्या खुर्चीवर डोळा. मतांपुरती माळ घालणारे राजकारणी बरेच पाहिले, पण आबांची श्रद्धा खोटी नव्हती. तेच जास्त अवघड होतं. पुढच्या मासिक सभेत त्यांना ठराव आणायचा होता, की तालुक्यात बिनलग्नाच्या शिक्षकांनी धर्माचरणाचा दाखला दिल्याशिवाय त्यांना गावात ठेवू नये. त्यासाठी त्यांना हातात एक शाबीत झालेलं प्रकरण हवं होतं. ते मी आणून द्यायचं होतं.

चौकशीत जबाब म्हणून एक प्रकार असतो. माणूस बोलतो, अधिकारी त्याच्या शब्दांत लिहितो, मग सगळं मोठ्याने वाचून दाखवतो आणि सही घेतो. वाचून दाखवल्याशिवाय जबाब पुरा होत नाही. हा नियम माझा नव्हता, पण त्या दिवशी तो मला फार आवडला.

"पाहायचं काय त्यात?" आबा शेवटी म्हणाले. "अख्ख्या गावाला ठाव हाय."

"मी गावाचा जबाब घेत नाही, तुमचा घेतोय."

"तुमी शिकलेली मानसं. तुमाला कळतंय आमाला काय म्हनायचंय. तुमीच लिवा."

"मी कसा लिहू? मी काही पाहिलेलं नाही. तुम्ही शब्द सांगा, मी लिहितो. मग सगळ्यांसमोर वाचतो."

आबांनी दाराकडे पाहिलं. बाहेर टँकरची वाट पाहत बाया घागरी घेऊन बसल्या होत्या. त्यांची सूनही त्यात होती. आबांचा हात माळेवर गेला. "ह्या तोंडानं हरीचं नाव घेतो, साहेब. ह्या तोंडातनं असलं न्हाई निघायचं."

मग मागच्या लोकांनी मदत केली. एकाने सांगितलं, दोघं एका ताटात जेवतात. दुसरा म्हणाला, दोघांचे सदरे एकाच ताग्यातले असतात. तिसऱ्याला आठवलं, की गुरुजी तापाने पडले तेव्हा सोपानने आठ दिवस दुकान उघडलं नव्हतं. आबा प्रत्येकाला मान डोलवत गेले आणि मी लिहीत गेलो. मग खड्या आवाजात वाचलं. "एका ताटात जेवतात. एका ताग्यातले सदरे घालतात. एक आजारी पडल्यास दुसरा कामधंदा सोडून सेवा करतो." बाहेरची एक म्हातारी म्हणाली, "माज्या ल्योकाला सांगा की कुनी हे." कोणीतरी फिसकन हसलं. आबांनी खाली मान घालून सही केली.

मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. साप तर मेलाच, काठीही शाबूत.

गुरुजींचा जबाब मी एकट्यात घेतला. उंच, हडकुळा माणूस. अक्षर मोत्यासारखं. त्यांच्या शाळेचा निकाल माझ्या तालुक्यात पहिल्या पाचांत असायचा. मी आबांचा जबाब वाचून दाखवला आणि म्हणणं विचारलं.

"लिहिलंय ते सगळं खरं आहे," ते म्हणाले. "जे लिहिलं नाही, ते विचारणार आहात का?"

मी घाईने म्हणालो, "नाही, नाही. त्याची गरज नाही."

त्यांनी सही केली. मी विचारलं नाही म्हणून ते सुटले असंच मी तेव्हा धरून चाललो. त्यांना उत्तर द्यायचं होतं की काय, हे मला आजतागायत ठाऊक नाही. तो प्रश्न मी कधी विचारला असता असंही वाटत नाही. मी घाबरलो होतो.

अहवाल झकास झाला. "तक्रारीत तथ्य आढळून आले नाही." बीडीओ साहेबांनी वाचला, मान हलवली आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "शिफारस?"

चौकशी अहवालात शेवटी शिफारशीचा रकाना असतो. पुढे काय करावं, हे चौकशी करणाऱ्याने तिथे सुचवायचं. मी म्हणालो, तथ्यच नाही तर शिफारस कसली?

"रकाना मोकळा वर पाठवता येत नाही. काहीतरी लिहा."

आम्हा सरकारी माणसांच्या पेनात काही वाक्यं भरून ठेवलेलीच असतात. हात आपोआप चालतो. मी लिहिलं, "गावातील वातावरण निवळण्यासाठी योग्य ती प्रशासकीय कार्यवाही व्हावी." हे वाक्य मी त्याआधी शंभर वेळा तरी लिहिलं असेल. मास्तरांच्या भांडणापासून गळक्या छपरापर्यंत सगळीकडे ते चालायचं आणि त्यातून कधीही काहीही घडायचं नाही. साहेब खूश झाले. आबांचा ठराव बारगळला.

तीन आठवड्यांनी नगरहून ऑर्डर आली. दिगंबर गुरुजींची बदली अकोले तालुक्यात, डोंगरातल्या एका शाळेवर. म्हणजे जिल्ह्याच्या थेट दुसऱ्या टोकाला. ऑर्डरमध्ये कारण दिलं होतं आणि ते माझंच वाक्य होतं, अक्षर न् अक्षर.

गुरुजी कार्यमुक्त होऊन गेले. मला भेटले नाहीत. सोपान आला. दुपारची वेळ, मी टेबलावर डबा उघडला होता. तो दाराशीच उभा राहिला. अंगात निळ्या रेघांचा सदरा. तसल्याच सदऱ्यात मी गुरुजींना जबाबाच्या दिवशी पाहिलं होतं.

"साहेब, तुमी कागुद काय लिवला हुता? मला वाचता येत न्हाई. गुरुजी वाचून दावायचे."

नियमाने तो कागद त्याला दाखवता येत नव्हता. मी काढला आणि सगळा वाचला. ताट, तागा, ताप, सगळं.

"ह्यात तर वंगाळ काईच न्हाई," तो म्हणाला.

"नाही."

"मंग कशापायी धाडलं त्येला?"

मी शेवटची ओळ वाचली. त्याने पुन्हा वाचायला लावली. मग विचारलं, "हे आबांनी सांगितलं का लिवायला?"

"नाही. हे माझं आहे."

तो सावकाश पायऱ्या उतरून गेला. मी डबा तसाच बंद केला. कितीतरी दिवस कचेरीच्या दारात कोणी उभं राहिलं की मी आधी त्याचा सदरा बघायचो.

गुरुजी गेले तरी पाऊस काही आला नाही. उन्हाळाभर टँकर चालू राहिले. वैशाखात सोपानची आई गेली. तेरावं झालं आणि सोपानने शिलाई मशीन एसटीच्या टपावर चढवलं. हे मला पुढच्या वर्षी शाळा तपासायला गेलो तेव्हा कळलं. दुकानाला कुलूप होतं. सदरा शिवायला लोकांना आता पाथर्डी गाठावी लागत होती. शाळेवर नवे मास्तर आले होते, लग्न झालेले. सोमवारी उशिरा यायचे आणि शुक्रवारीच गावाला जायचे.

शिवारात बाजरी कमरेएवढी झाली होती. आबा बांधावर भेटले. चेहऱ्यावर समाधान. "बघा साहेब. दोगं गेले अन् आला का न्हाई पाऊस?"

"आबा," मी म्हणालो, "ते दोघं राहतात तिकडे तर महिनाभर सूर्य दिसला नाही म्हणतात. भात नुसता डोलतोय."

आबांनी मला चहाला चला म्हटलं. मी गेलो नाही.

त्यानंतर नोकरीत मी कितीतरी चौकशा केल्या. तथ्य नसेल तिथे शिफारशीच्या रकान्यात आडवी रेघ मारून अहवाल वर पाठवायचो. त्याबद्दल दोन वेळा मेमो मिळाला. दोन्ही जपून ठेवले आहेत.